सासूबाईंच्या डब्यातला १९५२चा लग्नाचा केक कसा टिकवावा?

गुलबक्षी

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरात माझ्या सासूबाई गेल्या. त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. मी मूळची साताऱ्याची. लग्न करून इंग्लंडात रेडिंगला आले, त्याला आता चौतीस वर्षं झाली. नवरा इथलाच. घर आवरायला घेतलं तेव्हा सासूबाईंच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात, रजयांच्या मागे, हंटली अँड पामर्सचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. त्या कंपनीच्या कारखान्यामुळे रेडिंगची एकेकाळी बिस्किटांचं गाव अशीच ओळख होती, त्यामुळे असे डबे इथे घरोघरी असतात. सुया-दोरे असतील म्हणून उचलला, तर आत काहीतरी जड सरकलं.

उघडला. पांढरं फडकं, त्याच्या आत मेणकागद आणि त्याच्या आत साधारण विटेच्या आकाराचा केकचा तुकडा. गुळाची जुनी ढेप असते तसा काळपट. वरचं आयसिंग एकेकाळी पांढरं असणार, आता जुन्या हस्तिदंतासारखं पिवळं पडलंय. वास कुबट नाही. मनुका, जायफळ आणि बंद कपाट यांचा मिळून येईल तसा आहे. रिबिनीला एक चिठ्ठी बांधलेली, सासूबाईंच्या तिरक्या अक्षरात: वरचा मजला, १४ जून १९५२, नामकरणासाठी.

इथली पद्धत अशी की लग्नाच्या केकचा सगळ्यात वरचा मजला पहिल्या मुलाच्या नामकरणासाठी राखून ठेवायचा. माझी नणंद १९५४ची. तिच्या वेळी अर्धा कापला असणार आणि अर्धा ठेवून दिला असणार.

या केकची अर्धी गोष्ट मला ठाऊक आहे. नाताळचा केक करताना सासूबाई एकदा माझ्याशी बोलल्या होत्या. १९५२ साली इथे साखर, लोणी, अंडी सगळं रेशनवर होतं. युद्ध संपून सात वर्षं झाली होती तरी साखरेचं रेशनिंग १९५३च्या सप्टेंबरात उठलं आणि लोण्याचं १९५४ मध्ये. त्यांच्या आईने तीन महिने चहात साखर घातली नाही. शेजारपाजारच्या बायकांनी आपापल्या वाट्यातली थोडी थोडी कागदाच्या पुड्यांत आणून दिली. बेदाणे ऑस्ट्रेलियातल्या मावशीने पार्सलने पाठवले. हे सगळं सांगितलं, पण त्यातला तुकडा अजून घरात आहे हे मात्र कधी बोलल्या नाहीत.

आता अडचण अशी की नणंद म्हणते टाकून दे, रोगराईला आमंत्रण कशाला. माझी आई फोनवर म्हणाली, "अगं, शिळं अन्न, त्यातून गेलेल्या माणसाचं, घरात कशाला ठेवतेस?" दोघींचंही चुकत नाही. पण माझा हात धजत नाही. त्या पुड्यांमधली साखर अजून त्या केकात आहे असं मला वाटत राहतं.

हा जपायचा तर कसा? फ्रीजरमध्ये ठेवू का? एका कडेला टाचणीने टोचल्यासारखी चार-पाच भोकं आहेत आणि कागदावर बारीक भुकटी पडलीय. कीड असेल का?

---

ताम्हण

गुलबक्षीताई, सासूबाईंना श्रद्धांजली.

मला पहिला प्रश्न पडला तो हा की त्र्याहत्तर वर्षांत हा केक सडला कसा नाही? आमच्याकडे वाढदिवसाचा केक चौथ्या दिवशी हिरवा होतो.

---

रवाळ

@ताम्हण, मी बेकरी उत्पादनांच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाढदिवसाचा केक म्हणजे हवा, पाणी आणि मलई. इंग्रजी लग्नाचा पारंपरिक केक त्या जातीचाच नाही. त्यात पिठापेक्षा सुकामेवा जास्त असतो. शिवाय भरपूर साखर, लोणी आणि वरून पाजलेली ब्रँडी किंवा रम. जंतूंना जगायला पाणी लागतं, आणि नुसतं असून भागत नाही, ते मोकळं असावं लागतं. साखर पाण्याला धरून ठेवते. मोरांबा आणि गुळांबा वर्षभर टिकतात ते याच कारणाने. हे मोकळं पाणी शून्य ते एक या मापात मोजतात. बहुतेक जिवाणू ०.९च्या खाली वाढू शकत नाहीत. बहुतेक बुरशी ०.७च्या आसपास हात टेकतात, आणि फारच चिवट असतील त्या ०.६पर्यंत तग धरतात. चांगला मुरलेला फ्रूटकेक मुळातच यात बराच खाली असतो, आणि कोरड्या कपाटात वर्षानुवर्षं राहिला की आणखी खाली जातो.

दुसरं म्हणजे त्याचं चिलखत. केकभोवती मार्झिपॅनचा, म्हणजे बदाम आणि साखरेच्या वाटणाचा थर आणि त्यावर अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर घोटून केलेलं रॉयल आयसिंग, जे वाळून दगडासारखं होतं. म्हणजे हवेला आणि बुरशीच्या बीजांना आत शिरायला वाट कमी. आयसिंग पिवळं पडणं साहजिक आहे. अंड्यातली प्रथिनं आणि साखर यांची सावकाश प्रक्रिया होत राहते, आणि मार्झिपॅनमधलं बदामाचं तेलही वर झिरपतं.

मात्र चाखून बघण्याचा मोह अजिबात नको. लोणी खवट झालेलं असणार, आणि सत्तर वर्षांत त्यावर काय काय येऊन गेलं ते डोळ्यांना दिसत नाही.

तुमचा डबा हंटली अँड पामर्सचा आहे म्हणून आवर्जून सांगतो. २०१७ साली अंटार्क्टिकात केप अडेरच्या झोपडीत त्याच कंपनीचा एक फ्रूटकेक सापडला. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉटच्या १९१० ते १९१३च्या मोहिमेतल्या तुकडीचा, म्हणजे शंभरी ओलांडलेला. पत्रा गंजून गेला होता, पण आतला केक धड होता आणि वासही जवळपास खाण्यालायक, किंचित खवट लोण्याचा. न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने त्याचं जतन केलं. त्यांनी काम केलं ते मुख्यतः डब्याचा गंज, लेबल आणि फाटका कागद यांवर. केकला हात लावायची गरज फारशी पडलीच नाही.

---

पिंपळपान

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. आई गेली तेव्हा मी तिचं सगळं ठेवलं होतं. औषधाच्या बाटल्यासुद्धा. दोन वर्षांनी ते ओझं झालं. माणूस वस्तूत नसतो. चांगले फोटो काढा, चिठ्ठी जपून ठेवा आणि केकला निरोप द्या. नणंदेला तो नको असेल तर तिच्या मनाचाही विचार व्हावा, शेवटी आई तिची होती.

---

गुलबक्षी

@पिंपळपान, राग कसला? तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. नणंदेशी मी नीट बोललेच नाहीये, नुसतं फोनवर "टाक" आणि "नाही टाकत" एवढंच झालं. तिला घरी बोलावते.

@रवाळ, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल खूप आभार. अंटार्क्टिकाची बातमी नवऱ्याला वाचून दाखवली. तो डबा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसला होता.

---

सुकेळी

गुलबक्षीताई, मी वसईची, ख्रिस्ती. तुम्ही ज्याला नामकरण म्हणता त्याला आम्ही बाप्तिस्मा म्हणतो.

आमच्या घरात लग्नाचा केक म्हणजे फ्रूटकेकच. सुकामेवा दोन-दोन महिने आधी रममध्ये भिजत घातलेला असायचा आणि बरणी कुणी हलवायची यावरून आम्हा मुलांची भांडणं व्हायची. लग्नात केक कापला की बारीक तुकडे करून कागदात बांधून पाहुण्यांना द्यायचे, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचे बाजूला ठेवायचे. आईबाबांचं लग्न १९७८चं. आईने वरचा थर माझ्या बाप्तिस्म्यासाठी ठेवला होता. त्यातून उरलेला तुकडा आजीने काचेच्या बरणीत घालून देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवला.

पण वसईचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. भिंती रडतात. मी सहावीत असताना एका श्रावणात बरणी उघडली तर पांढरी लव आली होती. आजीने तो फेकला नाही. परसात, विहिरीच्या पलीकडे, खड्डा करून पुरला आणि वर अबोलीचं रोप लावलं. प्रार्थनाही म्हटली. म्हणून सांगते, ठेवायचा असेल तर ओल सांभाळा. आणि कधी निरोप द्यायची वेळ आलीच, तर कचऱ्याच्या पिशवीत घालू नका.

---

कपाट_क्रमांक_७

मी अठरा वर्षं संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम केलं. कापड आणि कागद हा माझा विषय, पण अन्नाच्या वस्तूही हाताखालून गेल्या. गुलबक्षीताई, काहीही करण्याआधी एक विनंती: आज काहीच करू नका. सत्तर वर्षं तो जिथे होता तिथे टिकला, म्हणजे ती जागा चांगलीच होती.

आधी नोंद करा. डबा बंद असतानाचा फोटो, झाकण उघडल्यावरचा, फडकं उलगडतानाचा, प्रत्येक घडीचा. शेजारी मोजपट्टी ठेवा. रिबिनीची गाठ सोडू नका, ती त्यांच्या हातची आहे. केकचं वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. पुढे वजन वाढलं तर ओल शिरतेय हे कळेल.

आता भोकांबद्दल. सुक्या खाद्यपदार्थांत आणि मसाल्यांत होणारे बारीक तपकिरी भुंगेरे अशीच गोल भोकं पाडतात. ती जुनी आहेत की नवी हे आधी बघायचं. भुकटी मऊ ब्रशने झटकून काढा, केकखाली स्वच्छ पांढरा कागद घाला आणि तीन-चार आठवडे वाट बघा. कागद कोरा राहिला तर कीड केव्हाच मरून गेली, मग फ्रीजरची गरज नाही. नव्याने भुकटी पडली तरच फ्रीजर. त्यासाठी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करायचं आणि उणे १८ ते उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर जमेल, केकवर नाही. गोठवताना आयसिंगला तडा जाऊ शकतो, म्हणून उगाच कुणी सुचवलं म्हणून फ्रीजर नको.

ठेवायला आम्लमुक्त (अॅसिड-फ्री) टिश्यू कागद आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याचं खोकं घ्या. जुना मेणकागद काढून टाकू नका, तो सपाट करून वेगळ्या पाकिटात ठेवा. चिठ्ठी पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात, आणि तिची प्रत केकच्या खोक्यात. लॅमिनेशन मात्र कधीही करू नका, ते परत उलटवता येत नाही. पत्र्याच्या डब्याला गंज असेल तर केक थेट त्यात नको. खोकं डब्यात मावत असेल तर उत्तमच, दोघांची ताटातूट व्हायला नको.

हवेतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के असावी. पासष्टच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो. फार कोरडं केलं तर आयसिंग आणि केक वेगवेगळे आकसतात आणि थर सुटतात. पोटमाळा नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते आणि हिवाळ्यात ओल. स्वयंपाकघर नको. बाहेरच्या भिंतीला लागून नको. सासूबाईंचं रजयांमागचं कपाट मला सगळ्यात योग्य वाटतं.

आणि वरून रम शिंपडू नका. ताज्या केकला तो उपाय आहे, या केकसाठी ती नुसती ओल.

---

काटेरी_हलवा

@कपाट_क्रमांक_७, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठले आणि माझा डबा काढून बघितला.

१९८६ साली माझ्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी स्वतः केलेले हलव्याचे दागिने माझ्याजवळ आहेत. मंद आचेच्या परातीवर, हाताने पाक सोडून, दाण्याला काटा आणलेला. हार, बांगड्या, बाजूबंद आणि एक बिंदी. याच दागिन्यांपैकी हार माझ्या मुलाच्या बोरन्हाणाला घातला आणि गेल्या वर्षी नातवाच्या. बाकीच्यांनी बाजारातले आणले होते, पण या हाराचा काटा अजून बोटाला टोचतो.

म्हणजे गुलबक्षीताई, साखरेची आठवण जपणं आपल्याकडेही आहे. तुमच्या आईंना हे सांगून बघा. हलव्याच्या दागिन्यांना कुणी शिळं म्हणत नाही.

मी डब्यात फडक्यात बांधून मूठभर तांदूळ ठेवते, ओल शोषायला. बरोबर आहे ना? रत्नागिरीचा पावसाळा आहे, दाणे चिकट व्हायला लागतात.

---

कपाट_क्रमांक_७

तांदूळ आजच काढा. तांदळात सोंडे आणि पोरकिडे होतात आणि ते दागिन्यांच्या दोऱ्यापर्यंत पोचतात. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळतात, कोरडे असताना नारिंगी, ओल प्यायले की हिरवे. हिरवे झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. पुडी दागिन्यांना चिकटून नको, डब्याच्या कडेला असू द्या. पावसाळ्यात डबा उघडायचाच नाही. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवू नका, त्याने ओलच वाढते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरेसा आहे.

चाळीस वर्षांचा हलवा मी अजून पाहिलेला नाही. फोटो टाकाल का?

---

जुनी_नाणी

मी संग्राहक आहे. केक माझ्या संग्रहात नाही, पण लिलावांवर लक्ष असतं.

विक्टोरिया राणीच्या १० फेब्रुवारी १८४०च्या लग्नातला केक वजनाने तीनशे पौंडांच्या आसपास होता. त्याचा एक तुकडा, खोक्यासह, २०१६ साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघरात १,५०० पौंडांना विकला गेला. चार्ल्स-डायना यांच्या १९८१च्या केकचा तुकडा २०२१ मध्ये १,८५० पौंडांना. एलिझाबेथ राणीच्या १९४७च्या केकचा तुकडा २०२४ मध्ये २,२०० पौंडांना. हा शेवटचा केक ताईंच्या सासूबाईंच्या केकचा नातलगच म्हणायचा. तोही रेशनिंगच्या काळातला, नऊ फूट उंच, आणि त्याचं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी भेट म्हणून पाठवलेलं. राजवाड्यालाही बेदाणे ऑस्ट्रेलियातूनच आले!

सगळ्यांत मोठा आकडा विंडसरच्या ड्यूक-डचेसच्या, म्हणजे राजपद सोडलेला आठवा एडवर्ड आणि त्याची बायको यांच्या, ३ जून १९३७च्या केकचा. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये त्याला २९,९०० डॉलर मिळाले. अंदाज होता पाचशे ते हजारांचा.

या सगळ्यांत सारखं काय, तर तुकड्याबरोबर काहीतरी लिहिलेलं आहे. विंडसरच्या खोक्यावर दोघांची आद्याक्षरं आणि तारीख होती. डायनाच्या केकच्या डब्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. ते नसतं तर तो नुसता वाळका केक.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला. अमेरिकन खेळवाला बार्नम याच्या खेळांतून जगप्रसिद्ध झालेला बुटका कलावंत जनरल टॉम थंब आणि लव्हिनिया वॉरन यांचं लग्न न्यूयॉर्कला १८६३ साली झालं, तारीख योगायोगाने विक्टोरियाचीच, १० फेब्रुवारी. टॉम थंब १८८३ मध्ये वारला. १९०५ मध्ये लव्हिनियाने त्या केकचा बेचाळीस वर्षांचा तुकडा एका अभिनेत्रीला आणि तिच्या नवऱ्याला पाठवला. सोबतच्या पत्रात तिने लिहिलं की लोकांची समजूत आहे मी आता हयात नाही. तो केक आज त्या अभिनेत्रीच्या कागदपत्रांत आहे. एका बाईने मी अजून आहे हे कळवायला केक पाठवला. पत्र हरवलं असतं तर हे कुणाला कळलं असतं?

म्हणून गुलबक्षीताई, साखरेच्या पुड्यांची गोष्ट लिहून काढा. तुमच्या केकला बाजारभाव नसेल, पण १९५२ सालच्या साध्या घरातला केक, चिठ्ठीसकट, राणीच्या केकपेक्षा दुर्मीळ असणार, कारण असे केक लोकांनी खाऊन टाकले.

---

मोगरी

जाता जाता: मी साउदम्प्टनला असते. गुलबक्षी, तुझ्यापासून तासाभरावर बेझिंगस्टोकच्या विलिस म्युझियममध्ये १८९८ सालचा अख्खा मजल्यांचा लग्नाचा केक आहे. एका बेकरीने केलेला, आणि बेकरी १९६४ मध्ये बंद होईपर्यंत तिच्याकडेच होता. आयसिंग पार तपकिरी झालंय. त्यावर एक तडा आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या हादऱ्याचा. मी मुलींना घेऊन गेले होते. धाकटी त्या तड्यासमोरून हलेना. जाऊन ये.

---

गुलबक्षी

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

पांढरा कागद कोरा आहे. एक कणही पडला नाही. भोकं जुनी. फ्रीजर रद्द.

नणंद आली होती. एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघ्यांनी बेजार. मी काही न बोलता डबा टेबलावर ठेवला आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती कधी पाहिलीच नव्हती. "नामकरणासाठी" म्हणजे आपल्यासाठी, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग म्हणाली, टाकायला सांगितलं ते मला वाटलं आईने विसरून ठेवलाय म्हणून.

त्यानंतर आम्ही तीन तास बसलो. साखर कुणी कुणी दिली ती नावं तिला पाठ होती, लहानपणी आईच्या तोंडून ऐकून. समोरच्या घरातली शिंपीण. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे आजोबा, त्यांनी आपली दोन आठवड्यांची सगळी साखर दिली. कोपऱ्यावरची एक विधवा, तिचं नाव मात्र नणंदेला आठवेना, "पिवळ्या दाराची बाई" एवढंच. तसंच लिहिलं. सासूबाई मुलगी असताना चुलत बहिणीच्या लग्नातला केकचा तुकडा उशीखाली ठेवून झोपल्या होत्या, नवरा स्वप्नात दिसतो म्हणून, हेही तिनेच सांगितलं. चार पानं झाली. मी पेन्सिलीने आम्लमुक्त कागदावर उतरवली, तारीख घातली, दोघींच्या सह्या केल्या.

आईला हलव्याच्या दागिन्यांचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग विचारलंन, "डब्याला मुंग्या लागत नाहीत ना?"

केक आता खोक्यात, खोकं डब्यात आणि डबा आमच्या खोलीतल्या आतल्या भिंतीच्या कपाटात, रजयांमागे आहे. वजन ९१४ ग्रॅम. बेझिंगस्टोकला नणंद पण येणार म्हणतेय, गुडघे जरा बरे झाले की.

@कपाट_क्रमांक_७, एक शेवटचं. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला अर्धवट निघालेला कागद चिकटलाय, त्यावर निळ्या शाईची दोन अक्षरं दिसतात. पाण्याचा हात लावून काढू का?

---

कपाट_क्रमांक_७

पाणी लावू नका! शाई पसरेल. आहे तसाच राहू द्या, बॅटरीचा प्रकाश बाजूने तिरपा पाडून फोटो काढा आणि इथे टाका. दाबलेल्या अक्षरांच्या खुणा दिसतात का बघू.